अंगठा धरण्याची रीत

कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली मी वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण आठवीपर्यंतचे, तथापि माझ्या मसुद्यात वकीलही खोड काढू धजत नाहीत. निरक्षराचा अंगठा घ्यायचा तर मनगट घट्ट आवळावे आणि अंगठा कागदावर एकदाच फिरवावा, ही माझी रीत. मी घेतलेला ठसा कचेरीतून कधी परत आलेला नाही.

त्या उन्हाळ्यात हुडकेश्वरकडचे एक जोडपे आले. नवरा मारतो, ही बाईने पोलिसांत दिलेली तक्रार मागे घ्यायची होती. बोलत होता तो एकटाच. मी लिहिले, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता...’ आणि तिचे मनगट आवळले.

पदराखाली ते सुजलेले होते. ती किंचाळली आणि मोकळ्या हाताने तिने मला अशी थप्पड मारली की चष्मा शाईच्या पॅडवर पडला.

“वा वं!” नवरा हसला. “लिहिणाऱ्यालेच हाणलं! मले त कधी हाणलं नाही!”

गालाची आग कानांत शिरली. बुद्धीने काही ठरवण्यापूर्वीच माझा हात वर गेला. तिने डोके खांद्यांत ओढले, डोळे मिटले. ते डोके माझ्या ओळखीचे होते. माझ्या स्वयंपाकघरात बायकोचे डोके असेच खाली जाते, आणि त्याला मी आजवर मर्यादा म्हणत आलो.

हात हवेतच राहिला.

“काहून थांबले जी?” म्हणत नवऱ्याने तेच मनगट पिरगाळून तिचा अंगठा कागदावर दाबला. काड्कन आवाज झाला. ती ओरडली नाही, ओकली. माझ्या स्वतःच्या मनगटातून कळ गेली. मी कागद हिसकावला. त्याने माझ्या तोंडावर बुक्की मारली. जिभेवर रक्त आले, तसा मी कागद टोचायचा लोखंडी पंच उचलून त्याच्या बोटांवर हाणत राहिलो, तिचे मनगट सुटेपर्यंत. मग फाटकावरच्या शिपायाने त्याला धरून नेले.

“तुमचा ओठ फाटला जी,” ती म्हणाली.

“धंतोलीच्या दवाखान्यात जा आधी, बाई. हात दाखवा.”

“आधी लिहा. तक्रार मागं घेत नाही म्हणून लिहा.”

मी लिहिले आणि पॅड तिच्यापुढे सरकवले. मोडलेला हात मांडीवर ठेवून तिने दुसरा अंगठा आपणच टेकवला. ठसा वाकडा आला, कडा फिसकटल्या. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.