वूव्रेची पाचवी बाटली

शरयू टिपणीस फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मॉन्ट्रियलच्या एका हॉस्पिटलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. वय एकसष्ट. फोन तिच्या मुलीचा, सईचा होता. "मामा, आई इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी ओटावाहून निघालो तेव्हा दहा वाजले होते.

शरयू माझी मावसबहीण, नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीसाठी मॉन्ट्रियलला आली, बेचाळिसाव्या वर्षी फ्रेंच शिकली, मग वाइनची परीक्षा पास झाली. पुढे तीस खुर्च्यांच्या एका रेस्टॉरंटमध्ये कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यायची, हे ती ठरवू लागली. नवरा वारल्यावर तिचं घराबाहेरचं जग म्हणजे तेवढं एक रेस्टॉरंट. मालकीणबाई लुसी कमी बोलायच्या आणि चूक विसरायच्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत दारासमोरचा ड्राइव्हवे शोव्हल करताना, म्हणजे बर्फ फावड्याने उपसताना, शरयू घसरली आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटली. टाके पडले नाहीत, पण वास गेला. कॉफी, फोडणी, साबण... काहीच नाही. डॉक्टरांनी वर्षभर वाट पाहायला सांगितलं. वर्ष गेलं, आणखी सहा महिने गेले. हे तीन माणसांना माहीत होतं: डॉक्टर, ती आणि मी. रोजच्या कामात तिचं निभत होतं, कारण बाटली उघडली की पहिला घोट गिऱ्हाईकच घेतं आणि वाइन खराब असली तर तेच सांगतं.

मग लुसीबाईंनी जाहीर केलं की एका रविवारी दुपारी शरयूचं मराठी जेवण आणि त्याबरोबर तिच्याच निवडीची वाइन. शरयूने वूव्रे निवडली. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी वूव्रे गावाच्या परिसरात ती शेनिन ब्लाँ द्राक्षांपासून होते. हीच द्राक्षं नाशिकलाही लावतात. वूव्रे ड्राय, म्हणजे अजिबात गोड नसलेली, मिळते, निमगोड मिळते, पूर्ण गोडही मिळते. तिकडचे लोक ती नदीतल्या माशांबरोबर, बकरीच्या चीजबरोबर घेतात. शरयूने चिंच-गुळाच्या आमटीसाठी निमगोड घेतली. गुळापुढे ड्राय वाइन नुसती आंबट लागते, असं तिचं म्हणणं.

अडचण वेगळीच होती. त्या दिवशी आठ बाटल्या पाहुणे येण्याआधीच उघडायच्या होत्या. बुचातून दोष उतरला तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. अपाय होत नाही, पण वाइन गेलेली असते, आणि ते ओळखणं हे शरयूचं काम. लुसीबाई शेजारीच असणार होत्या. शरयूने मला बोलावून घेतलं आणि दोन दिवस आपल्या बेसमेंटमध्ये ओला पुठ्ठा हुंगायला लावला. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "दादा, जन्मभर बातमीचा वास घेत हिंडलास. आता जरा कामाचा घे." ठरलं असं: प्रत्येक बाटलीतली घोटभर वाइन ग्लासात ओतून आधी मी हुंगायची, आणि बाटली खराब असेल तर ग्लास डावीकडे ठेवायचा.

रविवारी अकरा वाजता, आमटी उकळत असताना, मी किचनमध्ये उभा होतो. हौशी भाऊ मदतीला आलाय, असं लुसीबाईंना सांगितलं होतं. चार बाटल्या नीट निघाल्या. पाचवीला मला काहीतरी जाणवलं. पुठ्ठा होता की चुलीवरचं काही, ते ठरेना. मी ग्लास डावीकडे ठेवला. लुसीबाईंनी तो उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या की त्यांना काही वाटत नाही. शरयूने निकाल द्यावा.

शरयूने ग्लास नाकाशी धरला. हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि कोणी तिला खोटं ठरवलं नसतं. बाहेर पहिले पाहुणे खुर्च्या ओढत होते. तिने ग्लास ओट्यावर ठेवला आणि फ्रेंचमध्ये सांगितलं,

"मला नाही सांगता येणार. दीड वर्ष झालं, मला वासच येत नाही."

लुसीबाईंनी शेगडी बंद केली. मग इतके दिवस निवड कशी करत होतीस, असं त्यांनी विचारलं. शरयू म्हणाली, जिभेवर. गोड किती, आंबट किती, ते अजून कळतं. लुसीबाईंनी दोन ग्लासांत दोन वेगळ्या वूव्रे ओतल्या, लेबलं पाठीमागे केली आणि ते तिच्यापुढे सरकवले. शरयूने आमटीचा एक चमचा घेतला, मग एकेक घोट. डावा ड्राय, उजवा निमगोड, असं तिने सांगितलं. ते बरोबर होतं. लुसीबाईंनी पाचव्या बाटलीला बूच लावून ती बाजूला ठेवली.

"पाहुणे बसलेत," त्या म्हणाल्या. "वाढायला घे."

पाचव्या बाटलीत दोष होता की नाही, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीचा वास लुसीबाई घ्यायच्या आणि चव शरयू. दोघींची मान हलली तरच बाटली टेबलावर जायची. हे दीड वर्षाहून जास्त चाललं. शरयू शेवटची कामावर गेली तो रविवार होता.

बाराव्यानंतर सई आणि मी तिथे जेवायला गेलो. लुसीबाईंनी काउंटरवर वूव्रे उघडली, वास घेतला, दुसऱ्या ग्लासात घोटभर ओतली आणि तो ग्लास उजव्या हाताला, शरयू उभी राहायची तिथे, सरकवून थांबल्या. मग तो स्वतःच उचलून त्यांनी चव घेतली आणि बाटली आमच्या टेबलावर आणून ठेवली.