मागच्या दाराची वाट

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, आणि मला त्याचाच जास्त ताप. नवा कपडा कसा दिसतो असं विचारलं, तर खरं सांगतात.

घरापुढे त्यांनी सगळी इथलीच झाडं लावलीत. अडुळसा, कोरांटी, कुडा. बघणाऱ्याला रान वाटतं. शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनाही तसंच वाटलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कुंपणावरचा अडुळसा मुळासकट उपटला, साप येतील म्हणून. तेव्हापासून दोघा सख्ख्या भावांत अबोला. समजावून समजावून मी शेवटी हात टेकले.

यंदा शिंजीर पक्ष्याच्या मादीनं आमच्या पुढच्या दाराशी, बेलच्या वायरीला घरटं टांगलं. अंगठ्याएवढा जीव, पण काय ती मेहनत! कोळ्याची जाळी, वाळकी पानं, माझ्या शिवणातला दोरासुद्धा. दार उघडलं की घरटं हलायचं. यांनी दाराला कुलूपच घातलं.

"पिल्लं उडेपर्यंत हे दार बंद."

"आणि दुकानात कुठून जाणार?"

दुसरी वाट एकच, स्वयंपाकघराच्या दारातून दिरांच्या अंगणात. हे दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला घड्याळ द्यायचा शब्द दिलेला, म्हणून मान खाली घालून निघाले. दीर यंत्रानं गवत कापत होते.

"दादा, इकडून कसा?"

"पक्षीण अंड्यांवर बसलीय."

दिरांनी यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, अंडी किती? आठवड्याभरात दोघं पायरीवर चहा प्यायला लागले. घरटं त्यांच्या गच्चीवरून दिसतं म्हणे. दीर रोज सकाळी तिथे उभे.

काल पिल्लं उडाली. आज सकाळी हे रिकाम्या घरट्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"कुलूप काढू का?" मी विचारलं.

पिशवी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. मी खिडकीशी गेले.

"दादा, उडाली का रे पिल्लं?"

हे थांबले. कान लाल झाले.

"नाही अजून."

दिरांना मी तासाभरापूर्वीच गच्चीवर पाहिलं होतं.

"मलाही तसंच वाटतं," दीर म्हणाले. "महिनाभर तरी लागेल. बस, चहा टाकलाय."

माझे डोळे भरून आले. माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, तेही धड जमलं नाही. कुलपाची किल्ली मी पिठाच्या डब्यात खुपसून ठेवलीय.