बदली माणूस बसणार नाही

निजाम गेला, त्याच्या कचेऱ्या गेल्या, पण त्यांतला एक कारकून वाट चुकून आमच्या साडूंच्या अंगात शिरला तो कायमचा. खरं तर साडूंचं काम ढोरांच्या दवाखान्यातलं. मुखेडपासून जळकोटपर्यंत कुठलाही मदतनीस रजेवर गेला, की त्याच्या जागी चार दिवस म्हशींचे पाय धरायला साडूंना बोलावणं यायचं. पण म्हशीचे पाय धरण्याआधी ते डॉक्टरांपुढे इकरारनामा धरायचे. स्वतः लिहिलेला, जांभळ्या शाईतला, सात कलमांचा. 'म्हशीने लाथ मारल्यास ती म्हशीचीच समजावी.' 'मालकाने शेजारी उभे राहून अक्कल सांगू नये.' एका डॉक्टरांनी वैतागून विचारलं, "यात म्हशीची सही कुठं आहे?" साडूंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कागदावर शेणात उमटलेला एक खूर होता आणि साडूंच्या मांडीवर दुसरा.

सातव्या कलमात मात्र घोटाळा होता. आमच्याकडे जनावर 'बसलं' म्हणजे अशक्तपणानं खाली पडलं, आपल्या पायांनी उठेना. अशा वेळी आपण जागा सोडणार नाही, असं त्यांना लिहायचं होतं. पण लेखणी त्याच शब्दात अडकली आणि उतरलं ते असं: 'बसलेले जनावर उठेपर्यंत बदली माणूस बसणार नाही.' मी पडलो शाळामास्तर, चूक दाखवली. म्हणाले, "साडभाऊ, सही झाल्यावर खाडाखोड न्हाई."

मग दुष्काळ आला. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, आणि आपण कुठल्या जिल्ह्यात पडायचं हे पावसालाही कळेना. जळकोटच्या माळावर गुरांची छावणी उघडली. तिथला मदतनीस लेकीच्या लग्नाला चार दिवस गेला, तेवढ्यात नोकरांच्या वाटणीत त्याचं नाव जुन्या जिल्ह्याच्या यादीत निघालं. तो परतलाच नाही. साडूंच्या पाचव्या कलमात 'मूळ माणूस येईपर्यंत' असं होतं. चार दिवसांचे चार महिने झाले.

मी एस.टी.नं भाकरी घेऊन गेलो, तेव्हा एका खालाची, म्हणजे मुसलमान मावशीची, म्हैस बसली होती. खाला एकटी, घर चालायचं ते त्या म्हशीच्या दुधावर. साडू कालपासून म्हशीजवळ उभे. तिला गुळाचं पाणी पाजत होते, तासातासानं चौघांना हाका मारून तिची कूस बदलत होते. रात्री छपराच्या मेढीला टेकून डोळा लावला म्हणे. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. भाकरीही त्यांनी उभ्यानंच खाल्ली.

"घटकाभर बसा की. कोण बघतंय?" मी म्हणालो.

"ही बघायली ना," ते म्हशीकडे बोट दाखवून म्हणाले.

खाला कावली होती. "मास्तर, कलसे बोलरी मैं. भैंस बैठी, ये खडा. जरा उल्टा करो बोली तो सुनताच नै."

दुपारी पोत्यांची झोळी पोटाखाली घालून आम्ही सहाजणांनी जोर लावला. म्हैस थरथरली. तिनं मागचे पाय रोवले, मग पुढचे, आणि उभी राहिली. खालानं पदर तोंडाला लावला. साडू म्हणाले, "कलम सातवं पुरं," आणि धप्पकन खाली बसले. मग त्यांनाच उठता येईना. त्याच झोळीत घालून आम्ही त्यांना उचललं, आणि उरलेलं गुळाचं पाणी खालानं त्यांना पाजलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. परवा लातूरला साडूंच्या लेकीकडे गेलो होतो. साडू महिनाभर अंथरुणावर आहेत, पाय उचलत नाहीत. लेकीनं खुर्ची सरकवली. मी उभाच राहिलो. माझेही गुडघे आता माझे राहिलेले नाहीत. इकडचं तिकडचं बोलत तासभर गेला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"साडभाऊ, कागदावर तुमची सही कुठं हाय?"

"मी बदली आलोय," मी म्हणालो.

त्यांनी अंगावरची गोधडी बाजूला सारली.

"मग बघता काय," ते म्हणाले, "कूस बदला माझी."