बाटलीतली ऱ्हाइन

शिरीष देवस्थळी एकोणीस वर्षं लुडविग्सहाफेनच्या एका रासायनिक कारखान्यात ऱ्हाइनचं पाणी तपासत होता. रोज सकाळी दोरीला बांधलेलं भांडं नदीत सोडायचं, पाणी तपासायचं आणि एक बाटली तारीख-वेळ लिहून राखून ठेवायची, पुढे वाद झालाच तर पुरावा म्हणून. मोजलं की कळतं, असं तो छातीठोकपणे सांगे. नवीन माणसाला हे दिवसातून दोनदा ऐकावं लागे.

म्हणूनच ऑक्टोबरात बायको साधना गेली आणि रीतसर गेनेमिगुंग, म्हणजे सरकारी परवानगी, काढून त्याने तिच्या अस्थी नदीत सोडल्या, तेव्हा त्याच्या हाताने सवयीचंच काम केलं. खिशातून बाटली काढली, भरली, लेबल लावलं: सतरा ऑक्टोबर, दहा वाजून चाळीस. लेक अन्वी बघतच राहिली. विसर्जन करून नमुना घरी आणणारा हा पहिलाच नवरा असावा.

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. गाळ खाली बसला, पाणी नितळ झालं. नऊ नोव्हेंबरला वर कुठेतरी धो धो पाऊस झाला आणि नदी गढूळ झाली. संध्याकाळी शिरीष घरी आला, तर घट्ट झाकणाची ती बाटलीही गढूळ.

कुणाचा तरी धक्का लागला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग मीटर आणून गढूळपणा मोजला. आकडा त्या सकाळच्या नदीचाच होता, दशांशासकट. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला आनंद झाला. बाटली अजून नदीच असेल, तर साधना अजून घरातच होती.

त्याने वही केली. नदी निवळली की बाटली निवळे, नदी हिरवट झाली की तीही होई. मार्च उजाडेपर्यंत त्याचं कामाशिवाय बाहेर जाणं सुटलं, अन्वीशी धड बोलणंही सुटलं. जेवताना तो खिडकीकडे तोंड करून पाण्याशी कुजबुजे. सोळा वर्षांची पोर समोर भात चिवडत बसे.

एका सकाळी ओळखपत्र विसरलं म्हणून तो अर्ध्या वाटेतून परतला. सिंकमध्ये बाटली रिकामी पडलेली. शेजारी अन्वी, हातात पाण्याने भरलेली मुरंब्याची बरणी, बाही कोपरापर्यंत ओली.

"काय केलंस हे? अगं, तुझी आई होती त्यात!"

अन्वी नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलली. "नाइन, बाबा. आई त्यात नव्हती. त्या पाण्याला वास यायला लागला होता. मी रोज शाळेआधी नदीवरून ताजं पाणी आणून भरते."

शाळेत एथिकच्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या, तासाला तिला अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रीक तत्त्वज्ञ शिकवला होता. पाणी पालटत राहतं म्हणूनच नदी तीच राहते, आणि जिवंत काय, मेलेलं काय, सगळं एकच, फक्त रूप बदलत असतं, असं काहीसं त्याचं म्हणणं.

"आई ताक ढवळत राहायची ना? ठेवून दिलं तर पाणी वर, चोथा खाली, मग ते ताक उरत नाही म्हणायची. गेनाऊ, अगदी तसंच." तिने नाक पुसलं. "आणि तो म्हणतो, खूप माहिती असली म्हणून माणसाला कळतंच असं नाही. तेव्हा मला तू आठवलास."

शिरीषने वही हातात घेतली. इतके दिवस तो आपल्याच लेकीचे हेलपाटे वहीत मांडत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधीपासून भरतेस?"

"जानेवारीपासून. वाइनाख्टनची, नाताळची सुट्टी संपल्यावर."

त्याने वही उघडली. नऊ नोव्हेंबर. मग अख्खा डिसेंबर. सगळे आकडे जुळलेले, आणि तेव्हा तर बाटलीला त्याच्याशिवाय कुणी हातही लावला नव्हता.

"काय झालं, बाबा?"

शिरीषने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग थंडीने कुडकुडणाऱ्या पोरीकडे पाहिलं. साधना गेल्यापासून त्याने तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. त्याने वही मिटली आणि तिला पोटाशी धरलं.

दोघांनी बरणी नदीत ओतली. बाटली त्याने लेबल खरवडून काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यानंतर त्याने घरी काहीच मोजलं नाही.

कारखान्यात मात्र रोज भांडं सोडण्याआधी तो हळूच सांगतो, "साधना, भांडं येतंय गं." मग दोरीला खालून हलकासा हिसका बसतो. प्रवाहाच्या उलट दिशेने.