शेंदराच्या आतला चेहरा

आमच्या देवीचं शेंदराचं कवच काढलं, त्या दिवशी मी मुद्दाम देवळात गेले. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून तिचा नुसता गोळा झाला होता, वर चांदीचे डोळे. मूर्ती दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाने आतला काळा दगड मोकळा केला. रेखीव नाक, अर्ध्या मिटलेल्या पापण्या. सुंदरच होती. पण गुरवांच्या सुमनकाकू उंबऱ्यातच थबकल्या.

"ही कोण गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. देवी म्हणजे हा दगड, की त्याच्यावर थापलेले एवढ्या बायकांचे नवस?

विसर्जनासाठी बाजूला ठेवलेलं कवच कोपऱ्यात आतली बाजू वर करून पडलं होतं. त्याच्या आत चेहऱ्याचा खोलगट ठसा उमटला होता. मी डावीकडे सरकले, तसा तो डावीकडे वळला. उजवीकडे गेले, तर तिकडेही आला.

"खोलगट ठसा असाच भासतो, नजरेचा खेळ आहे," तज्ज्ञ म्हणाला. असेल.

देवाला पाठ दाखवू नये, म्हणून आमच्याकडे मागे मागे चालत देवळाबाहेर पडतात. मीही तशीच निघाले. पायरीवर आल्यावर लक्षात आलं, माझं तोंड मूर्तीकडे नव्हतंच. त्या कोपऱ्याकडे होतं.