भूवेष्टित बाग

नववीच्या भूगोलात तो शब्द आला: भूवेष्टित. चहूकडून जमीन, समुद्राला वाट नाही. नेपाळचा माल दुसऱ्याच्या बंदरात उतरतो आणि त्यासाठी दोन देश करार करतात, असं सरांनी सांगितलं. माझ्या डोक्यात लख्खकन चमकलं. अहो, ही तर आमची मोसंबीची बाग!

वडीगोद्री गावाजवळ आमचं शेत. वाटणीत थोरल्या काकांनी रस्त्याकडचं रान घेतलं आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, विहिरीपायी मागचं. कागदावर झाडं लिहिली, पाण्याच्या पाळ्या लिहिल्या. वाट तेवढी लिहिली नाही. "भावाभावात वाट काय लिहायची?" म्हणाले अण्णा. त्या भोळेपणाचा मला आजही संताप येतो.

त्या वर्षी व्यापाऱ्यानं बागेतली फळं झाडावरच विकत घेतली. अट एकच, टेम्पो बागेपर्यंत आला पाहिजे. फळांची तोड आठ दिवसांवर आली, अन् काकांनी त्यांच्या रानातून जाणारी आमची गाडीवाट नांगरून तिच्यात ज्वारी पेरली. का, तर अण्णांनी त्यांना पाण्याची जादा पाळी दिली नव्हती!

मी तहसील कचेरीसाठी वाटेचा अर्ज लिहिला, 'आमची बाग भूवेष्टित आहे.' कारकून हसला, त्या शब्दावर काट मारली. "पोरी, हे देशाला लावतेत, शेताला न्हाई." मेल्याला अक्कल नव्हती. दुसऱ्याच्या मर्जीवाचून बाहेर पडता येत नाही, याला दुसरं काय म्हणायचं? अर्ज गठ्ठ्याखाली गेला तो गेलाच.

तोडीच्या दिवशी टेम्पो काकांच्या बांधाशी थांबला. अण्णांनी हात जोडले. "दादा, आजचा दिवस जाऊ दे. मी ज्वारी परत पेरून देतो."

काका सुपारी कातरत बसले होते. "माझं रान हाये," एवढंच बोलले.

आई म्हणाली, टोपल्यांनी डोक्यावरून काढून देऊ. व्यापारी म्हणाला, "टोपल्यांनी कव्हा भरंल, बाई?" आणि टेम्पो माघारी गेला. एकमेकांचं तोंड न पाहिलेले देश करार करतात, आणि इथं एका आईच्या पोटचे दोघे!

आमच्यात पहिल्या तोडीची फळं थोरल्याच्या घरी द्यायची रीत आहे. संध्याकाळी अण्णांनी स्वतःच थोडी फळं तोडून टोपली भरली आणि माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, "मेले तरी न्हाई जाणार." अण्णांनी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ज्वारीत पाय पडू नये म्हणून बांधाबांधानं लांबचा फेरा घालून गेले.

काकांनी टोपली ठेवून घेतली.