स्वल्प म्हणजे किती, ते सांगा

आमच्या नीलिमाकाकूची नक्कल करायची तर आधी हनुवटी वर करावी लागते. तिचा चष्मा इतका जड होता, की सारखा नाकावरून घसरायचा. हात कीबोर्डवर अडकलेले असायचे, म्हणून काकू त्याला हनुवटी उचलूनच सावरायची. हनुवटी वर, डोळे बारीक आणि मग एकच शब्द: "किती?" एवढं केलं की घरातले सगळे हसतात, काकूसकट. फक्त रत्नाकरकाका हसत नाहीत, कारण तो "किती?" बहुतेक वेळा त्यांनाच विचारलेला असतो.

बंगळुरात सगळं "स्वल्प" असतं, म्हणजे थोडंसं. स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प ॲडजस्ट करा. आम्ही पाच पिढ्या इथले, आमची मराठीही तशीच झाली आहे. काका फोनवर म्हणणार, "स्वल्प उशीर होईल गं." काकू विचारणार, "स्वल्प म्हणजे किती?" चिकपेटेतल्या साड्यांच्या घाऊक दुकानात ती अकरा वर्षं कंप्युटरवर बसते. कुठल्या गावाला किती गठ्ठे गेले, ते तिच्याकडे. तिथे हुबळीला स्वल्प गठ्ठे पाठवले असं म्हणून चालत नाही.

तिचा नंबर वजा साडेआठ. "चष्मा काढला की तुम्ही सगळे डाग," ती सांगायची. "मेघाश्री, तू पिवळा डाग, हे निळा डाग." गेल्या वर्षी चिकपेटेच्या गर्दीत धक्का लागून चष्मा पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली चुरडला. काका येईपर्यंत काकू अर्धा तास एका दुकानाच्या पायरीवर खांब धरून उभी होती. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "मी लेझर करणार."

"छत्तिसाव्या वर्षी?" काकांचा आवाज नाकातून निघतो आणि वाक्याच्या शेवटी जिना चढतो. "स्वल्प विचार कर."

"केला. अर्धा तास. खांबाला धरून."

इंदिरानगरच्या दवाखान्यात सोबत म्हणून मी गेले. कॉलेजला सुट्टी होती, आणि नवीन आवाज ऐकायला मिळाले तर मी कुठेही जाते. डॉक्टरबाईंचं कन्नड इतकं गोड, की वाईट बातमीसुद्धा पायसासारखी वाढतात. म्हणाल्या, बुबुळावरचा पडदा पातळ आहे, त्यामुळे पापुद्रा उचलून करतात ती पद्धत तुम्हाला नको. वरचा थर खरवडायचा आणि त्यावर लेझर. तीन-चार दिवस चांगलंच दुखेल. आठवडाभर फोन, कंप्युटर काही नाही. नंतर तीन महिने थेंब, कमी कमी करत. नजर यायला स्वल्प वेळ लागेल.

मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघायला लागले. पुढचं मला माहीत होतं.

"स्वल्प म्हणजे किती?"

डॉक्टरबाई थांबल्या. "सहा आठवडे ते तीन महिने."

"सरी. ठरलं, बुधवारी येते."

तो सोमवार होता. खोलीबाहेर येऊन आम्ही चपला घालत होतो, तर कोपऱ्यात काळा चष्मा लावलेला एक माणूस हातातला कागद नाकाला टेकवून वाचायचा प्रयत्न करत होता. आमची मराठी ऐकून म्हणाला, "अक्का, आपलीच माणसं दिसताय. स्वल्प हे वाचून सांगता काय?"

हे उमाजी. आनेकलचे, दोन बस बदलून आलेले. तिथल्या कारखान्यात बारक्या स्प्रिंगांवर चरा आहे का, ते बघायचं त्यांचं काम. दीड महिन्यापूर्वी त्यांचीही हीच शस्त्रक्रिया झाली होती.

"तीन हप्त्यात झक्क दिसाया लागलं. म्हटलं, दिसतंय तर थेंब कशाला? सोडले. आता सगळीकडं धुकं. बाई लई रागावल्या."

काकूने कागद चष्म्याजवळ नेला. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. क्यूआयडी एक आठवडा, टीडीएस एक आठवडा, बीडी दोन आठवडे, आणि खाली तशाच आणखी ओळी.

"टीडीएस म्हणजे पगारातनं कापतात ते," उमाजी म्हणाले. "मला तेवढंच ठाव."

मला हसू फुटलं. काकू हसली नाही. "क्यूआयडी चारदा, बीडी दोनदा. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"सकाळ कुठली, अक्का? एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी. माझी सकाळ कधी कधी संध्याकाळी सहाला होते."

काकूची हनुवटी वर गेली. "बाई काय म्हणाल्या नेमकं?"

"हा हप्ता जागेपणी दर दोन तासांनी. तेवढं जमतंय, बायको ओरडते. पुढच्या सोमवारी तपासून मग कमी कमी. आणि ह्या खेपेला चुकलं, तर हे धुकं कायमचं बसेल म्हणाल्या." त्यांनी कागदाची घडी घातली. "साहेबांनी सध्या पेट्या उचलायला ठेवलंय. चरा दिसला तर पुन्हा टेबलावर."

"पुढच्या सोमवारी मलाही इथे यायचंय," काकू म्हणाली. "तोवर मी तुम्हाला एक पान करून देते. फोनवर उघडायचं. तुम्ही कधी उठता ते त्याला सांगायचं, थेंब कधी घालायचे ते त्यानं सांगायचं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, बुधवारी तुझे डोळे बंद होणार ना?"

"हो. म्हणून आज सुरू करायचं."

वर्षभर ती दुकानातून आल्यावर व्हिडिओ बघून वेब पानं बनवायला शिकत होती. त्यातून एकच पान झालं होतं, गठ्ठ्यांचं वजन मोजणारं, आणि ते फक्त तीच वापरायची. मंगळवारपर्यंत वहीत पेन्सिलीने आराखडा झाला. बुधवारी ती टेबलावर आडवी पडली.

आत काय झालं ते तिनंच सांगितलं. हिरवा ठिपका, टकटक आवाज आणि केस जळल्याचा वास. "हलू नका, फक्त तीस सेकंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. काकूने मनात मोजलं आणि उठल्यावर पहिलं वाक्य बोलली: "उजव्याला बेचाळीस लागले."

गुरुवारी ती अंधाऱ्या खोलीत बसली होती. डोळ्यांत संरक्षक लेन्स, वर काळा चष्मा, गालांवरून पाणी. शंभर कांदे चिरत असल्यासारखं वाटतंय म्हणाली. काकांना वाटलं, आता तरी ही झोपेल. तिनं वरच्या मजल्यावरच्या तनयला बोलावलं.

तनय पुण्याचा, मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्याची नक्कल सगळ्यात सोपी. खांदे पाडायचे आणि प्रत्येक वाक्याला "ॲक्च्युअली" चिकटवायचं.

"ॲक्च्युअली काकू, हे मी वीकेंडला प्रॉपर ॲप म्हणून करून देतो ना. लॉगिन, डॅशबोर्ड..."

"लॉगिन? डोळ्याला धुकं आलेल्या माणसाला तू पासवर्ड विचारणार? एकच पान. एकच बटण. मी सांगते, तू टाइप कर. टाइप केलंस की वाचून दाखव."

आणि पुण्याचा इंजिनिअर मांडी घालून चिकपेटेच्या कारकुनबाईंचं डिक्टेशन घ्यायला लागला. "कंस उघड. तारीख. कंस बंद. वाच." तो वाचायचा. ती डोळे मिटून, गाल पुसत ऐकायची. दुपारी मध्येच तिनं त्याला थांबवलं.

"पहिला दिवस शून्य धरलास?"

"हो, ॲक्च्युअली प्रोग्रॅमिंगमध्ये झिरोपासूनच..."

"मग शून्य ते सात, आठवडा आठ दिवसांचा झाला. एक दिवस जास्त थेंब. शून्याव्या दिवशी काय करतात रे डोळ्याचं?"

तनयने मोजून पाहिलं. नंतरची दहा मिनिटं तो ॲक्च्युअली म्हणाला नाही.

शुक्रवारी पान तयार झालं. तारीख टाका, उठायची आणि झोपायची वेळ टाका, डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे टाका. वेळ झाली की फोन वाजणार. काकू म्हणाली, आधी माझ्या डोळ्यांवर. शनिवारी सकाळी आठला पान काकांच्या फोनवर लावून उशाशी ठेवलं. पुढचे थेंब बाराला.

बारा वाजले, एक वाजला. फोन वाजला नाही. काका दारात येऊन म्हणाले, "थेंब घातलेस?"

"किती वाजले?"

"स्वल्प... दीड."

काकू उठून बसली. तनयला जिन्यावरून हाक गेली. त्यानं फोन बघितला आणि खांदे आणखी पाडले. "स्क्रीन लॉक झाली की पान झोपतं, काकू. ब्राउझर बॅटरी वाचवतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"पान झोपतं," काकू म्हणाली. काकांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, ती जळजळीने दात आवळून बसली. मग काका हळूच म्हणाले, "जाऊ दे ना नीलू. त्यांना फोन करून सांग, जमलं नाही. कुणी काही म्हणणार नाही."

"डोळे कुणाचे जाणार? म्हणणाऱ्यांचे?"

काकूने गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग काकू म्हणाली, "अहो, आपल्या दुकानातून गठ्ठा हुबळीला जातो, तेव्हा मी लॉरीमागे धावते का?"

"म्हणजे?"

"पत्त्याची चिठ्ठी गठ्ठ्याला शिवते आणि सोडून देते. मी झोपले तरी गठ्ठा पोचतो. तनय, फोनमध्ये न झोपणारं काय असतं?"

"अलार्म. कॅलेंडर." तनय एकदम ताठ बसला. "काकू! पानाने वाजायचंच नाही. तीन महिन्यांच्या सगळ्या वेळांची एक फाइल बनवायची, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची. मग फोनच वाजवेल. नेटही नको, पानही नको."

"तेच म्हणते. बस. कंस उघड."

रविवारी काकूचे चारही वेळचे थेंब वेळेवर पडले. प्रत्येक वेळी फोन लॉक होता. एकदा तो काकांनी उशीखाली दाबून ठेवला होता, मुद्दाम. तरी वाजला.

सोमवारी डॉक्टरबाईंनी काकूच्या डोळ्यांतल्या लेन्स काढल्या. अजून सगळं दुधातून बघितल्यासारखं होतं, पण मी पिवळा डाग राहिले नव्हते. "तुझ्या नाकावरचा तीळ दिसतोय," ती जवळ येऊन म्हणाली. "या घरात सोळा वर्षं झाली, चष्म्याशिवाय आज पहिल्यांदा."

उमाजी बाहेर बसले होते. त्यांचा फोन जुना, काचेला तडा गेलेला. पान उघडलं. वेळा त्यांनी स्वतः टाकल्या, दिवसपाळीच्या वेगळ्या, रातपाळीच्या वेगळ्या. कागदावरचे आकडे मी वाचले. मग काकू तो फोन घेऊन, भिंतीला हात लावत, सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरली.

"हे तुमच्या कागदाशी ताडून बघा. एक जरी चूक असेल तर मी त्यांना देणार नाही."

डॉक्टरबाईंनी बोट फिरवत पूर्ण यादी वाचली. "अय्यो," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून पायसाशिवाय काही आलेलं ते पहिलंच. "बरोबर आहे. हे आणखी कुणाला देता येईल?"

"पानाचा पत्ता लिहून घ्या. लॉगिन नाही."

मग एकेक माणूस वाढत गेला. काकू दुकानात परतली. तिची नजर आठव्या आठवड्यात स्थिरावली. संध्याकाळी दिव्यांभोवती अजून वलय दिसतं, पण चिकपेटेत खांब लागत नाही. हनुवटी मात्र अजूनही वर जाते, चष्मा नसला तरी.

तीन महिन्यांनी, शेवटच्या तपासणीला आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो होतो. उमाजी आत होते. बरोबर चार वाजता बाकावरचे तीन फोन एकदम वाजले. तिघा अनोळखी माणसांनी खिशातून बाटल्या काढल्या, माना मागे टाकल्या. काकू एकेकाकडे बघत राहिली. मग माझा हात जोरात दाबला.

दार उघडलं. उमाजी आले. काळा चष्मा नव्हता.

"अक्का, एक थेंब चुकला नाही. धुकं गेलं म्हणाल्या. नजर स्वल्प सुधारली म्हणाल्या."

काकूची हनुवटी वर गेली. "स्वल्प म्हणजे किती?"

उमाजी वळून पुन्हा आत गेले. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, मग त्यांचा. एक मिनिटाने ते धावतच बाहेर आले.

"चार ओळी, अक्का! तक्त्यावरच्या चार ओळी. गुरुवारपासून मी पुन्हा टेबलावर."

"सरी," काकू म्हणाली, आणि नंबर आला म्हणून आत गेली.